घंटा नसलेले दिवस

मार्सेलिनाच्या घरात पाळणा हलला तेव्हा तिच्या कानशिलांवरचे केस पिकू लागले होते. गोराई गावच्या बायकांनी तोपर्यंत तिच्या पोटची आशा सोडून दिली होती. मुलगी झाली. चर्चमध्ये तिचे नाव पेट्रिशिया ठेवले, आणि घरात सगळे तिला पात्री म्हणू लागले. तिचा बाप बॅप्टिस्ट बोटीवर खलाशी होता. लेक पाऊल टाकण्याच्या आधीच तो दूरच्या एका बंदरात तापाने गेला, आणि त्याची पेटी तेवढी घरी आली.

पात्रीने पाऊल टाकले ते फार उशिरा. शब्द तर त्याहूनही उशिरा आले, आणि आले तेही मोजके. तिचे डोळे बारीक व तिरपे होते, जीभ ओठांत मावत नसे, आणि हसली की सगळे अंग हसत असे. गावातली माणसे "देवाचं लेकरू गो" असे म्हणून तिच्या डोक्यावरून हात फिरवीत आणि आपल्या वाटेने जात. लेकरू देवाचे असले तरी त्याला न्हाऊ घालणारे, भरवणारे आणि त्याचे ओले कपडे धुणारे हात मार्सेलिनाचेच होते. सकाळी वांग्यांना पाणी घालायचे, दुपारी वाळत घातलेली मासळी उलटायची, होडीने खाडी ओलांडून बोरिवलीला टोपली विकायला न्यायची, आणि या सगळ्याच्या मधल्या वेळेत लेकीचे सर्व काही करायचे, असा तिचा दिवस जात असे.

रात्रीची प्रार्थना आटोपली की ती देवाजवळ स्वतःच्या शब्दांत एक मागणे मागत असे. ते मागणे तिने कोणालाही सांगितले नव्हते. "हिला माझ्या आधी एक दिवस ने. एकच दिवस. मग मला ने." असे मागून झाल्यावर ती लेकीच्या अंगावर गोधडी सारखी करी, आणि आपण काय मागितले याची तिला लाज वाटत असे.

पात्री अकरा वर्षांची झाली त्या सुमारास मार्सेलिनाच्या पोटात दुखू लागले. बोरिवलीच्या डॉक्टरांनी हात लावून पाहिले आणि गाठ आहे असे सांगितले. आज नाही तरी पुढे ती कापून काढावी लागेल, असेही ते म्हणाले. मार्सेलिना होडीत बसून परत आली ती घरी न जाता सरळ भावाच्या अंगणात गेली. धाकटा भाऊ इसिडोर जाळे विणीत बसला होता, आणि त्याची बायको फिलोमीन बोंबील साफ करीत होती.

"मला काय झालं तर पात्रीला कोण बघंल रं?" तिने विचारले.

"असं का बोलतेस, बाय? मी नाय काय?" इसिडोर म्हणाला.

"तुम्ही आहात, पण करणार कोण?" फिलोमीनने सुरी खाली ठेवली. "वन्स, खरं बोलते, राग धरू नका. एक तोंड वाढलं म्हणून माझ्या घरात कोण उपाशी नाय राहायचं. पण ती उद्या बाईमाणूस होईल. तिचं न्हाणं, तिचं धुणं, महिन्याचं सगळं मी बघायचं? माझी चार पोरं अजून नाक पुसायला माझ्या लुगड्याला येतात. ती आपलं आपण करत असली तर आज आणा, मी जेवायला वाढते."

"आणि नाय केलं तर?"

फिलोमीनने पुन्हा सुरी उचलली. "मुंबईला आश्रम आहे म्हणतात फादर. तिकडे सिस्टर लोक बघतात."

मार्सेलिनाला राग आला नाही. आपण तिच्या जागी असतो तर असेच बोललो असतो, हे तिला कळत होते. पण जिला आईवाचून गल्लीच्या कोपऱ्यापलीकडे नेले तरी रडू फुटते, ती लेक मुंबईच्या आश्रमात अनोळखी बिछान्यांच्या रांगेत बसलेली तिला दिसली, आणि पोटातले दुखणे त्यापुढे काहीच वाटेना.

बोरिवलीला एका बंगल्याच्या मागच्या ओसरीत नलिनीबाई नावाच्या एक बाई अशा मुलांचा वर्ग चालवतात, हे मार्सेलिनाला तिच्या गिऱ्हाइकाकडून समजले. ती पात्रीला घेऊन गेली. तेथे पाटी नव्हती, पुस्तक नव्हते. एक मोठा मुलगा सदऱ्याचे बटण लावीत होता. दुसरी मुलगी एका भांड्यातले पाणी दुसऱ्या भांड्यात ओतीत होती आणि सांडलेले फडक्याने पुशीत होती.

"हे काय शिकवता?" मार्सेलिनाने विचारले.

"जगायला जे लागतं ते," नलिनीबाई म्हणाल्या. "तुमची मुलगी स्वतः काय काय करते?"

तेवढ्यात पात्रीच्या ओठांवर लाळ आली आणि आईचा पदर आपोआप तिकडे गेला. नलिनीबाईंनी तिचा हात मध्येच धरला.

"हे तिला करू द्या."

"तिला नाय येत."

"तुम्ही करता तोवर येणार नाही." मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझा भाऊ असाच होता, मार्सेलिनाबाई. आमच्या आईने त्याला कधी पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही. आई गेली त्यानंतर त्याचे जे हाल झाले ते मी पाहिले आहेत."

त्यांनी एक रीत सांगितली. कोणतेही काम शेवटाकडून शिकवायचे. अंघोळ आईने घालावी, पण शेवटचा तांब्या मुलीने स्वतः ओतावा, म्हणजे काम पुरे झाल्याचा आनंद तिच्या वाट्याला येतो. तो तांब्या जमला की शेवटचे दोन. मग अंग पुसणे. असे करीत करीत आईने मागे सरायचे, आणि एके दिवशी न्हाणीच्या दाराबाहेर उभे राहायचे.

ही रीत मार्सेलिनाला पटली, कारण वेल मांडवावर चढवताना तीही असाच आधार हळूहळू काढीत असे. परंतु आधार काढला म्हणून वेल रडत नाही. पात्री रडत असे. रिबिनीची गाठ सुटली की ती आईकडे वेणी पुढे करी, आणि आई हात मागे घेई. "तू कर." पात्रीने आईचा हात ओढावा, आईने तो सोडवून घ्यावा. अशा वेळी मार्सेलिना भिंतीकडे तोंड करून उभी राहत असे. शेजारणी म्हणू लागल्या, "पोटची पोर ना गो ती? सावत्र असल्यासारखी काय वागतेस?"

काम यायला लागले, पण ते कधी करायचे हे पात्रीला कळेना. घरात घड्याळ नव्हते, आणि असते तरी तिला ते वाचता आले नसते. तेव्हा मार्सेलिनानेच एक उपाय शोधला. गावच्या चर्चची घंटा सकाळी, दुपारी आणि सांजेला होते, आणि लहानथोर सर्वजण ती ऐकून क्रूसाची खूण करतात. तिने लेकीचा दिवस त्या घंटेला बांधून टाकला. सकाळची घंटा झाली की गोधडी घडी करायची आणि न्हाणीत जायचे. दुपारची झाली की फळीवरून दोन ताटल्या काढायच्या. सांजेची झाली की दोरीवरचे कपडे आणून घड्या घालायच्या आणि तोंड धुवायचे. हे पात्रीला इतके आवडले की घंटेचा पहिला टोला पडताच ती "आली, आली" म्हणत उठत असे. ताटल्या मांडताना पहिली ताटली नेहमी आईच्या जागी, भिंतीपाशी. "पयली आयेची," असे म्हणून मग ती आपली मांडीत असे. नलिनीबाईंनाही घंटेची युक्ती फार आवडली. वर्षभरात पात्री आईच्या मदतीवाचून दिवस काढू लागली.

पुढच्या वर्षी, १९५५ साली, मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाने मार्सेलिनाच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरवून दिला. तो नेमका ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात आला. त्या दिवसांत चर्चला जायला मिळणार नाही याचे तिला फार वाईट वाटले. दुसरे काही तिच्या मनात आले नाही.

"बघ फिलोमीन," निघताना ती म्हणाली, "तू तिला हात लावू नको. फक्त चुलीवरचं वाढ. बाकी ती करते."

"बघते की. करते तर माझं काय बिघडलं?" फिलोमीन म्हणाली. तिच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता. ही परीक्षा आहे हे दोघींनाही ठाऊक होते, आणि पात्री पास व्हावी असे दोघींनाही वाटत होते.

इसिडोर इस्पितळात भेटायला आला तो ईस्टरच्या दिवशी. नवा सदरा घालून तो खाटेच्या कडेला अवघडून बसला. गाठ निघाली होती, आणि डॉक्टर समाधानी होते. मार्सेलिनाने पहिल्यांदा लेकीचे विचारले.

"बरी आहे."

"इसिडोर, माझ्याकडे बघून बोल."

त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बुधवारी झकास होती, बाय. फिलोमीन सगळ्या आळीला सांगत होती, माझ्या पोरांपेक्षा ही बरी म्हणून. गुरुवारी सकाळपण ठीक. मग दुपारपासून काय झालं कोणाला ठाऊक. बसली ती बसलीच. ताट काढीना. पुढ्यात वाढून ठेवलं तरी नुसती आमच्या तोंडाकडे बघायची, नि दाराकडे. शुक्रवारी न्हाली नाय. कपडे ओले केले तिथल्या तिथे. फिलोमीनने न्हाऊ घालायला हात धरला तर ओरडायला लागली. दोन दिवस नुसत्या पेजेवर काढले, तीपण जबरदस्तीनं. आणि काल सकाळी तर वेडच लागलं."

"काल काय केलं?"

"काल चर्चमध्ये मिस्सा चालू असताना एकदम उठली. कपड्यांसकट अंगावर तांब्या ओतून घेतला. तशीच निथळत आत आली, ताटल्या मांडल्या, ताटल्या टाकून बाहेर गेली, दोरीवरची कापडं ओढून आणली, पुन्हा न्हाणीत गेली. कापडं ताटात, ताटं पाण्यात. नि सारखी आपली 'आली, आली' म्हणत होती. फिलोमीन घाबरून रडायला लागली, बाय."

मार्सेलिनाने बोटांवर वार मोजले. गुरुवारच्या मिस्सेनंतर प्रभूच्या मरणाच्या शोकात चर्चच्या घंटा मुक्या होतात, आणि शनिवारी सकाळी प्रभूच्या उठण्याचा गजर होईपर्यंत एकदाही वाजत नाहीत. त्या काळात मुले लाकडी खटखटे वाजवीत गावातून फिरतात, आणि घंटेसाठी सगळ्यांचे कान आसुसलेले असतात. हे ती जन्मापासून पाहत आली होती. ख्रिस्ती आईच्या पोटी जन्मून ही एक गोष्ट तिला आठवू नये? पात्री घंटेची वाट पाहत उपाशी बसली होती. आणि शनिवारी सगळ्या घंटा एकदम घणघणू लागल्या तेव्हा राहिलेल्या सगळ्या दिवसांची कामे तिने एकदम करायला घेतली होती.

"वेड नाय लागलं रं तिला," ती म्हणाली. "तिनं ऐकलं. मी सांगितलेलं तिनं सगळं ऐकलं." तिला हसू आले, आणि हसताना टाक्यांतून कळ गेली, आणि मग ती रडू लागली. इसिडोरला काय करावे ते कळेना. त्याने तिच्या उशाशी ईस्टरचा गोड पाव ठेवला.

मार्सेलिना घरी आली तेव्हा फिलोमीन स्वतःहून भेटायला आली. घंटेचे कारण तिने ऐकून घेतले. "असेल, वन्स. तुम्ही म्हणता तसं असेल. पण उद्या घंटेचा दोर तुटला, फादर आजारी पडले, तर मी काय करू? माझ्याच्यानं नाय होणार." तिने पात्रीकडे पाहिले नाही. पाहिले असते तर ती हो म्हणून गेली असती, असे मार्सेलिनाला नंतर कितीदा वाटले.

नलिनीबाईंनी सगळे ऐकून घेतले. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "घंटा बाहेर होती. ती आत पाहिजे. तिला भूक कळली पाहिजे, अंग मळलेलं कळलं पाहिजे."

"ते कसं शिकवायचं?"

"मला माहीत नाही. तुम्ही आई आहात. बघा."

मार्सेलिनाने ते कसे शिकवले हे सांगायला सोपे आहे. दुपार होत आली की ती पात्रीचा तळवा पात्रीच्याच पोटावर ठेवी आणि विचारी, "काय म्हणतं?" एवढे विचारून ती दाराबाहेर जाऊन बसत असे. घंटा होई, पात्री सवयीने उठे, आणि आई तिला पुन्हा खाली बसवी. "घंटा नाय. पोट." लेक गोंधळून आईकडे पाही. चुलीवर कालवण शिजलेले, त्याचा वास घरभर, आणि दोघीजणी उपाशी. कारण लेक जेवल्याशिवाय आईने जेवायचे नाही असे मार्सेलिनाने ठरवले होते. कधी कधी उन्हे कलती, तरी ताटली निघत नसे. शेवटी आईचेच मन हरत असे. जेवण वाढताना ती म्हणे, "उद्या बघू गो." पात्री घास घेत हसत असे, जणू काही तिनेच आईला क्षमा केली आहे.

असे पावसाळाभर चालले. नाताळ जवळ आला होता. एके दिवशी मार्सेलिना दारात मासळी निवडत असताना आत ताटल्यांचा आवाज झाला. दुपारची घंटा अजून व्हायची होती. तिने वाकून पाहिले. पात्री एक हात पोटावर दाबून उभी होती आणि दुसऱ्या हाताने ताटली मांडीत होती. "बोलतं," ती म्हणाली. "आये, बोलतं." मग दुसरी ताटली घेऊन ती आपल्या जागी बसली. घंटा झाली तेव्हा मायलेकी निम्म्या जेवल्या होत्या. मार्सेलिनाने डाव्या हाताने क्रूसाची खूण केली आणि चूक लक्षात येऊन पुन्हा उजव्या हाताने केली.

पुढच्या पवित्र आठवड्यात तिने पात्रीला मुद्दाम फिलोमीनच्या घरी ठेवले आणि स्वतः आपल्या घरात दार लावून बसली. घंटा मुक्या होत्या. ईस्टरला सकाळी फिलोमीन पात्रीचा हात धरून आली. पात्रीच्या वेणीची रिबीन वाकडी होती, पण गाठ तिचीच होती.

"ठेवीन गो मी हिला," फिलोमीन म्हणाली. "माझ्या पोरांना ताटं घासायला शिकवते ही. हिची काळजी सोडा आता, वन्स."

त्या रात्री मार्सेलिनाने आपले जुने मागणे परत घेतले. "आता ते नको," ती देवाला म्हणाली. "आता तिची सोय झाली. मला केव्हाही ने. तिला राहू दे."

१९५७ सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीस मुंबईत फ्लूची साथ आली, आणि होडीतून ती गोराईलाही पोचली. घरोघर माणसे अंथरुणाला खिळली आणि बरी होऊन उठली. इसिडोरची चारही मुले उठली. पात्रीचा ताप छातीत उतरला. डॉक्टर आले, औषध दिले. हिचे काळीज जन्मापासूनच अधू असावे, असे ते दाराबाहेर इसिडोरला म्हणाले.

मार्सेलिना पेजेची वाटी घेऊन लेकीच्या उशाशी बसली. तिने चमचा पुढे केला. पात्रीने डोळे उघडले, आणि आईचा हात बाजूला सारला.

"मी."

"आज मी भरवते गो. आज भरव म्हण."

"मी करते," पात्री म्हणाली. तिने चमचा धरला. तो कलला, आणि पेज गळ्यावर सांडली. तिने उशाजवळचे फडके शोधले, गळा पुसला, आणि फडक्याची घडी घातली. आईने पुन्हा हात पुढे केला, आणि पुन्हा तिने तो सारला. राग म्हणून नव्हे. जे शिकवले होते तेच ती करीत होती. ज्या हाताला अडीच-तीन वर्षे मागे सरायला लावले, तो आता पुढे येऊ पाहत होता, आणि लेक त्याला जागा देत नव्हती. मार्सेलिना वाटी मांडीवर धरून बसली, आणि पेज निवत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळची घंटा होण्याआधी पात्री गेली.

तिला न्हाऊ घालण्याचे काम मार्सेलिनाने कोणालाही करू दिले नाही. पहिल्या तांब्यापासून शेवटच्या तांब्यापर्यंत सगळे पाणी तिने स्वतः घातले. मग वेणी घातली आणि रिबीन बांधली. आज तिचा हात कोणी अडवला नाही.

पुरल्यानंतर काही दिवसांनी ती फादरांकडे गेली आणि त्या दोन मागण्यांची गोष्ट तिने सांगितली. "पहिलं मागणं मी परत घेतलं होतं, फादर. ते देवाला पोचलं नाय काय?" फादर वयस्कर होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. खोटे उत्तर त्यांनी दिले नाही, एवढे तिला बरे वाटले.

दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून फिलोमीन रोज जेवण घेऊन येत असे. रोज ते झाकलेले राही, आणि रोज ती ते परत नेई. एके दुपारी ती आली आणि झाकण काढून समोर बसली.

"वन्स, भूक नाय लागत काय तुम्हाला?"

"कळत नाय गो," मार्सेलिना म्हणाली.

फिलोमीनने तिचा हात उचलला आणि तिच्याच पोटावर ठेवला. बाहेर दुपारची घंटा सुरू झाली, वाजली, आणि थांबली. बऱ्याच वेळाने मार्सेलिना उठली. फळीपाशी गेली, आणि तिने सवयीने दोन ताटल्या काढल्या. एक भिंतीपाशी आपल्या जागी ठेवली. दुसरी हातात घेऊन ती उभी राहिली. ती ताटली परत ठेवता येईना, आणि मांडताही येईना.

तेव्हा फिलोमीन सरकत पात्रीच्या जागेवर जाऊन बसली.

"आणा इकडे," ती म्हणाली. "मीपण जेवले नाय."